एकच टँकर

टाकीचं आकारमान: चार हजार घनमीटर.
आतली हवा घालवायला नायट्रोजन: चार हजार.
मग अर्धा बार दाब चढवायला: आणखी दोन हजार.
एकूण सहा हजार. म्हणजे एक टँकर.

खोटं. दुसरी ओळ खोटी, म्हणून सगळंच खोटं. शाईच्या बाटलीत बाटलीभर पाणी ओतलं म्हणून शाई जात नाही, फिकी होते. नायट्रोजन हवेला सरळ ढकलून देत नाही, तिच्यात मिसळतो. हवेतला ऑक्सिजन उरला तर पुढे टाकीत गॅस सोडताच भडका उडतो. तो दोन टक्क्यांखाली आणायचा तर टाकी चारदा भरेल एवढा सोडावा लागतो. सोळा हजार, वर दाबाचे दोन. तीन टँकर.

हे मला येतं. दादानं शिकवलं होतं.

तरी मी एकच लिहिला आणि खाली सही केली.

दादा याच कारखान्यात हेच काम करायचा. त्यानं तीन टँकर मागितले होते. घाईसाहेबांनी एक आणवला. (इथले प्रमुख. सगळे त्यांना घाईसाहेबच म्हणतात. जन्माच्या वेळीही म्हणे सुईण यायच्या आधी पोचले होते.) नायट्रोजन संपला. साहेबांनी ऑक्सिजनचा मीटर धरला तो खालच्या तोंडाशी, जिथून नायट्रोजन आत येतो त्याच्या अगदी शेजारी. तिथं आकडा नेहमीच छान येतो.

"दोन टक्के. सोडा गॅस."

वरच्या तोंडाशी कुणी मोजलंच नाही. तिथं दादा उभा होता.

चौकशीत ठरलं: मृत कर्मचाऱ्याचा अंदाज चुकला.

मेलेला माणूस उलटून बोलत नाही. किती सोयीचं.

क्रेनवाल्याचे दोन्ही हात त्या दिवशी भाजले. भाजीच्या दुकानात आई दिसली की तो मान फिरवायचा. आईनं ते दुकान सोडलं. मग गल्ली सोडली. मग गॅलरीत उभं राहणं.

मी सासरच्या आडनावानं इथं नोकरी धरली. ही माझी इथली पहिलीच टाकी.

आता दुसरा अंदाज, सही नसलेला:

नायट्रोजन कमी पडेल.
घाईसाहेब पुन्हा खालच्या तोंडाशी मोजतील. पुन्हा म्हणतील, सोडा गॅस.
मी सगळ्यांदेखत वरचा आकडा दाखवीन.
गॅस सुटणार नाही. व्हॉल्व्हला माझं कुलूप, किल्ली माझ्या खिशात. कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही.
एकूण नुकसान: एका माणसाची अब्रू.

आज दुपारी टँकर आला. क्रेनवाल्यानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग टाकीच्या त्या अवाढव्य गोळ्याकडे.

"मॅडम, एवढ्यानं हिला गुदगुल्या तरी होतील का?"

"तुम्ही क्रेन सांभाळा."

"सांभाळतोय की. विचारलं आपलं."

टँकर रिकामा झाला. नळीवर साचलेला बर्फ टपटपायला लागला. घाईसाहेब मीटर घेऊन खालच्या तोंडाकडे निघाले. मी खिशातली किल्ली चाचपली. जा. जा बाबा. धर मीटर.

ते थांबले.

वळले, आणि जिना चढायला लागले.

नाही. नाही, हे ठरलं नव्हतं. जिना टाकीच्या पोटाला वळसा घालत वर जातो. साठीला टेकलेला माणूस कठडा धरून धापा टाकतोय आणि मागून मी मनातल्या मनात शिव्या मोजत चढतेय, खाली जा, खोटं बोल, आयुष्यभर तेच केलंस ना

तेरा टक्के.

वरच्या तोंडाशी धरलेला मीटर त्यांनी माझ्यापुढे केला.

"अंदाज तुझा ना?" एकदम 'तू'.

"माझा."

"तू एवढी कच्ची नाहीस. पहिल्याच दिवशी ओळखलं मी तुला. जिना चढताना भावासारखीच एकेक पायरी गाळतेस."

"मग हाकललं का नाहीत?"

"कुठल्या तोंडानं हाकलू?" ते कठड्याला टेकले. "त्या दिवसापासून दर वेळी वर येऊनच मोजतो."

म्हणजे दादाच्या जिवावर हा माणूस सुधारला होता. मला वाटलं होतं त्याहून जास्त संताप आला.

"बरोबर होता तो," साहेब हळूच म्हणाले. "तीनच लागत होते."

"मला काय सांगता? मला माहीत आहे. खाली सांगा."

"मग तुझंही सांगावं लागेल. मुद्दाम केलंस हे. नोकरी जाईल. पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

"सांगा. आधी त्याचं, मग माझं."

"पोरी, अगं मी आता निवृत्त होतोय—"

"म्हणूनच आज."

त्यांच्या पट्ट्याचा वॉकीटॉकी मीच काढला, त्यांच्या हातात कोंबला आणि त्यांच्या अंगठ्यावर अंगठा ठेवून बटण दाबलं. खाली हेल्मेटांचे पिवळे ठिपके. एक ठिपका क्रेनच्या खिडकीत.

"ऐका सगळे. काम बंद. ऑक्सिजन तेरा आहे." ते थांबले. मी अंगठा उचलला नाही. "आणि मागच्या वेळी... अंदाज बरोबर होता. त्यानं तीन टँकर मागितले होते. एक मी आणवला. वर न मोजता गॅस सोडा म्हणालो, तोही मीच. त्या मुलाची चूक नव्हती."

अंगठा उचलला. मग खरखर, आणि क्रेनवाल्याचा आवाज.

"काय म्हणालात, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. आता पुरे ना, असं काहीतरी त्या डोळ्यांत होतं.

मी त्यांचा अंगठा पुन्हा बटणावर दाबला.

"विचारतोय तो," मी म्हणाले. "परत सांगा. पहिल्यापासून."