वायरीवरचा चिमटा

"हात काढ आधी तिथून!" लोखंड कातणारा टर्नर ओरडला, तरी पोरीने मेन स्विचजवळच्या वायरीवर वीज मोजायचा चिमटा बसवलाच आणि त्याची तार लॅपटॉपला जोडली.

पोरगी त्याचीच. विद्यापीठात शाश्वत विकास की काय ते शिकत होती. या सत्रात म्हणे पुस्तकं मिटून खऱ्याखुऱ्या कारखान्यात बसायचं आणि वीज कुठे वाया जाते ते मोजायचं.

"एवढ्या मोठ्या शहरात माझंच वर्कशॉप सापडलं तुला?"

"बाहेरचे लोक आत घेत नाहीत, बाबा."

"मामाने तर नाही ना पाठवलं?"

"मामाचा काय संबंध?"

संबंध कसा नाही? मेहुण्याला ही जागा गोदामासाठी हवी होती, आणि येता-जाता तो बहिणीच्या कानाशी लागायचा. इथलं काम बंद आहे हे त्याला कळलं, की संपलंच सगळं. आणि काम बंदच होतं. काम देणाऱ्या कंपनीने ऑर्डर दुसरीकडे वळवल्यापासून टर्नर रोज डबा घेऊन यायचा, शटर उघडायचा आणि संध्याकाळपर्यंत माश्या मारत बसायचा. घरी त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. कोणत्या तोंडाने काढणार?

आणि आता ही बया चिमटा घेऊन हजर!

त्याने तिला पार दाराजवळ बसवलं आणि लेथ चालू केला. लोखंड पकडून फिरवणारा चक गरगर फिरू लागला. चकात काहीच नव्हतं, पण टर्नर तिच्याकडे पाठ करून असा उभा राहिला, की तिला ते दिसू नये. अधूनमधून तो हँडल फिरवायचा, वाकून बघायचा, नसलेला लोखंडाचा कीस फुंकरीने उडवायचा. स्वतःचीच लाज वाटत होती त्याला.

"बघू का जवळून?"

"नको. डोळ्यांत कीस जाईल."

ती पुन्हा बसली. पण तिचं काहीतरी बिनसलं होतं. स्क्रीनकडे बघायची, मग त्याच्या पाठीकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. एकदा तर तिने फोनवर काहीतरी लिहिलं आणि फोन पालथा ठेवला.

जेवणाच्या वेळी डबा घ्यायला तो तिच्या मागून गेला, तेव्हा स्क्रीन दिसला. सकाळपासूनची विजेची रेघ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट.

"टूल लोखंडाला लागलं की मशीन जास्त वीज खेचतं ना, बाबा?"

"मग?"

"सकाळपासून लागलंच नाही."

टर्नरचा तोल गेला. "जा, सांग जा तुझ्या मामाला! पोटच्या पोरीला पाळतीवर ठेवायचं म्हणजे... आईनेच पाठवलं असणार तुला. खरं बोल!"

"हो. आईनेच पाठवलंय."

टर्नरने लेथ बंद केला. चक फिरत फिरत थांबला.

"तिला काय ठाऊक?"

"तुमचे कपडे तीच धुते, बाबा. कितीतरी दिवसांत तिच्या हाताला लोखंडाचा कीस टोचला नाहीये." पोरगी लॅपटॉपकडे बघतच बोलत होती. "म्हणाली, दिवसभर एकटेच बसतात. विचारलं तर त्यांना खोटं बोलावं लागेल. तुला कुठेतरी बसून मोजायचंच आहे ना, मग तिकडेच बस. तेवढीच सोबत होईल."

"आणि मामा?"

"मामाला कुणी काही सांगितलेलं नाही."

टर्नरने फडक्याने हात पुसले. हात कोरडेच होते, तरी बराच वेळ पुसत राहिला. एवढे दिवस डबा हातात देताना बायको दाराशी उभी राहायची, आणि तो मान खाली घालून निघायचा.

पोरगी उठली. भंगाराच्या ढिगातून तिने एक गंजकी सळई ओढून काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"ही लावा ना चकात. मला शिकवा. सरांना खरं काम मोजून हवंय."

त्याने सळई हातात घेतली, उजेडात धरून फिरवली.

"केस बांध आधी," तो म्हणाला. "आणि बाह्या वर कर."