तळाला न गेलेल्या माश्या

आमच्या शहराच्या रस्त्यांखाली जुन्या दगडी टाक्या आहेत. वर्षातून एकदा त्या रिकाम्या करून गाळ काढावा लागतो, आणि माणूस उतरवायच्या आधी तळमाशी उतरवावी लागते.

तळमाशी ही मधमाशीच, पण अंगठ्याच्या पेराएवढी, राखाडी, आणि सात वर्षं जगणारी. शिकवली तर टाकीच्या तोंडातून आत जाते, तळाला टेकते आणि वर येते. खालची हवा चांगली असेल तर सोडणाऱ्याच्या मनगटावर येऊन बसते. वाईट असेल तर बसत नाही, टाकीच्या तोंडाशीच घिरट्या घालत राहते. मग त्या टाकीत कोणी पाय घालत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. वडील गेल्यावर माश्यांच्या पेट्या माझ्याकडे आल्या, कारण धाकट्या भावाला माशी चावली की त्याचा चेहरा भोपळ्यासारखा सुजायचा. तो टाकीत उतरणारा झाला. उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणायचे.

वडील शिकवायचे ते असं: साखरपाण्याची वाटी दोरीने विहिरीच्या तळाला सोडायची, मग माशी सोडायची. ती खाली जाऊन पिते आणि वर येते. चाळीस दिवस, दिवसातून पन्नास वेळा वाटी खाली आणि वाटी वर. अकरा वर्षं झाली असतील, माझा खांदा धरला. दोरी ओढवेना. मी वाटी वरच ठेवली. माशी जाऊन आली की मनगटावर साखरपाणी द्यायचं. माश्या वीस दिवसांत तयार होऊ लागल्या. मुकादम म्हणाला, "बाई, तुमच्या माश्या म्हणजे गोफणीतून सुटलेले दगड. गेल्या म्हणेपर्यंत आल्या!" मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. वडिलांना जमलं नाही ते मला जमलं, असं मी दोन-चार जणांना सांगूनही टाकलं. शहरातल्या गाळ काढणाऱ्या सहाही टोळ्या माझ्याच माश्या नेत होत्या. जुन्या पद्धतीने शिकलेली शेवटची माशी म्हातारी होऊन गेली, तेव्हा मला तिची आठवणही झाली नाही.

त्या दिवशी टाकी होती कापडबाजारामागची. लांब्या कमरेला दोर बांधत होता.

"ताई, जरा दमाने सोड तिला. माझा चहा अजून घशाखाली गेलेला नाही."

"तू उतर, म्हणजे चहाही उतरेल."

"बघितलंत का मुकादम? सख्खी बहीण!"

माशी सोडली. दहा आकडे मोजायच्या आत ती परत येऊन मनगटावर बसली. मी मान हलवली. लांब्या शिडीने उतरला. अर्ध्यावरून ओरडला, "इथे गार आहे गं!" पुढे थोडा वेळ शिडी वाजत राहिली, आणि मग वाजायची थांबली. मुकादमाने दोन हाका मारल्या. सगळ्यांनी मिळून दोर ओढला. तो वर आला तेव्हा त्याच्या नाकातोंडात गाळ होता आणि तो गेलेला होता.

माशी बसली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तळमाशी चुकत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मग चुकलं कोण? मुकादम चौकात म्हणाला, "सकाळीच घेऊन आला असणार. तोल गेला आणि गाळात पालथा पडला." लांब्या पूर्वी प्यायचा, हे खरं. तीन वर्षांत त्याने थेंब घेतला नव्हता, हेही खरं. पण लोकांना पहिलं आठवलं, दुसरं आठवलं नाही. नळावर बायका भावजयीला ऐकू जाईल अशा बेताने बोलू लागल्या. त्याच्या तोंडाला वास नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प राहिले. माझा भावापेक्षा माशीवर जास्त विश्वास होता.

दोन आठवड्यांनी भावजय दारात आली. बसली नाही.

"वन्सं, तुम्ही त्यांच्याजवळ उभ्या होतात. वास येत होता?"

"नाही."

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीत?"

मी पाट पुढे सरकवला, तो तिने पायाने बाजूला केला.

"ते खोटे की माशी खोटी, एवढं सांगा. दोघंही खरे असं होत नाही."

"माशी खोटं बोलत नाही."

"मग दाखवा मला."

घरामागे माश्या शिकवायची कोरडी विहीर आहे, चार पुरुष खोल. तळाशी मोरी आहे, म्हणून तिथली हवा कायम खेळती असते. शिकवताना मी नेहमी काठावर उभी असते. वरून पाहिलं तर अंधार. माशी गेली आणि आली, एवढंच कळतं. त्या दिवशी मी म्हणाले, "मी खाली जाते. तू वरून सोड."

"या गुडघ्यांनी? पडाल."

"पडले तर मलाही प्यायलेली म्हणतील."

ती हसली नाही. मी तिच्या मनगटाला साखरपाणी लावलं, नळीतून एकेक माशी कशी सोडायची ते दाखवलं आणि उतरले.

तळाशी बसून वर पाहिलं. विहिरीचं तोंड ताटाएवढं दिसत होतं, लखलखीत. पहिली माशी त्यात ठिपक्यासारखी आली. खाली आली, आणखी खाली आली. माझ्या डोक्यावर दोन पुरुष उंचीवर ती थांबली, जागच्या जागी पंख मारले आणि वळली.

"आली! मनगटावर बसली," वरून आवाज आला.

"दुसरी सोड."

दुसरी तिथूनच वळली. तिसरी त्याच्याही वरून. बारा सोडल्या. बाराही मनगटावर बसल्या. माझ्यापर्यंत एकही आली नाही.

का यावी? मी साखर देत होते ती परत येण्याबद्दल, तळाला जाण्याबद्दल नव्हे. जी लवकर परतली ती लवकर प्यायली. माश्या शिकवलं तेवढंच करत होत्या. वाईट हवा जड असते, पाण्यासारखी तळाला साचते. जिथे ती तोंडापर्यंत भरलेली असे तिथे माझ्या माश्या अजूनही घिरट्या घालायच्या, म्हणून कोणाला काही कळलं नव्हतं. कापडबाजारामागच्या टाकीत ती फक्त तळाला होती.

"वन्सं, बाराही बसल्या." तिचा आवाज पडला होता. "म्हणजे तुमचंच खरं."

मी हो म्हटलं असतं तर ती तशीच घरी गेली असती आणि पुन्हा कधी विचारलं नसतं. हे मला खाली बसून स्पष्ट दिसत होतं. उद्या सकाळी सहाही टोळ्या माझ्या माश्या घेऊन सहा टाक्यांवर उभ्या राहणार, हेही दिसत होतं.

"एकही खाली आली नाही गं," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"लांब्या शुद्धीत उतरला. माझ्या मान हलवण्यावर उतरला."

काठावरचं तिचं डोकं दिसेनासं झालं. शिडी चढायला मला फार वेळ लागला. वर आले तेव्हा ती विहिरीकडे पाठ करून बसली होती. तिच्या मनगटावर माश्या तशाच होत्या. तिने झटकल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही टोळ्या जमतात त्या चौकात गेलो. ती पुढे चालत होती, मी मागे.

"बाई, तुम्ही कशाला आलात?" मुकादम म्हणाला. "पेट्या पाठवल्या असत्या तरी चाललं असतं."

"आज कोणी उतरू नका. माझ्या माश्या तळाला जात नाहीत."

"मग काय, शिडीवर बसून येतात?" कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

"जवळजवळ तसंच," मी म्हणाले, आणि खांद्यापासून विहिरीपर्यंत सगळं सांगितलं. एकाने कमरेचा दोर सोडला. मग दुसऱ्याने सोडला.

"जाळून टाका त्या पेट्या," मुकादम म्हणाला.

"पेट्यांचं मग बघा," भावजय म्हणाली. "आधी याच चौकात जे बोलला होतात ते परत घ्या."

"वहिनी, मला तरी काय माहीत..."

"माहीत नव्हतं, तरी बोललात ना? आता माहीत आहे. बोला."

"लांब्या प्यायलेला नव्हता."

"मोठ्याने."

त्याने मोठ्याने म्हटलं. समोरच्या दुकानदाराने फळी अर्धी उघडून बाहेर पाहिलं. तिने त्याच्याकडे बोट करून मुकादमाला पुन्हा म्हणायला लावलं. मुकादमाने टोपी हातात घेऊन पुन्हा म्हटलं.

पेट्या जाळल्या नाहीत. एकदा शिकलेलं तळमाशी विसरत नाही, म्हणून त्या बिचाऱ्या आपलं आयुष्य पुरं होईपर्यंत माझ्याकडेच राहतील. नव्या माश्या वाढवून जुन्या पद्धतीने तयार करायला वर्ष गेलं. तोवर एकही टाकी उघडली नाही. दोरी ओढायला टोळ्यांतली माणसं पाळीने येतात.

त्या सकाळी चौकातून निघताना भावजय माझ्याजवळ थांबली होती. "सांगितलंत ते बरं केलंत, वन्सं," ती म्हणाली. "पण माझ्या दारात सध्या येऊ नका. तुम्हाला बघितलं की ती मान हललेली दिसते."

त्याला तीन वर्षं झाली. मी तिच्या गल्लीतून जात नाही, बाजाराला वळसा घालून जाते. ती बोलावील तेव्हा जाईन. नाही बोलावलं, तरी तिचं चुकलं असं कोणी म्हणू नये.