पुढे पळणारी पणजी

"आई, खाली उतर आधी! या वयात हाड मोडलं तर जुळायचं नाही," बाबा दुकानातूनच ओरडले.

"चढलेय कुठं अजून?" आजी म्हणाली. ते खरंच होतं. पणजीची सायकल धरून ती अंगणात केव्हाची नुसतीच उभी होती.

भानगड अशी. आमचं हे सायकलदुरुस्तीचं दुकान पणजीने उभं केलेलं. ती गेल्यापासून तिची काळी सायकल दुकानाच्या भिंतीवर एका मोठ्या हुकाला टांगलेली. जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका गृहस्थांना ती हवी होती आणि बाबांनी त्यांना आज संध्याकाळी बोलावलं होतं. "चालवणारं कोणी नाही, मग गंजवायची कशाला?" असं बाबा सकाळी चहा पिताना बोलून गेले आणि आजी कप खाली ठेवून म्हणाली, "मी चालवते."

आम्ही सगळे हसलो. आजी हसली नाही.

पणजीने अख्ख्या गल्लीला सायकल शिकवली होती. तिची तऱ्हाच जगावेगळी. बाकीचे मागून सीट धरतात. ही बया शिकणाऱ्याच्या समोर उभी राहायची आणि त्याच्याकडे तोंड करून उलटी पळायची! "मागून धरलं की माणूस मागंच बघत राहतं. चाकाकडे नको, माझ्याकडे बघ! ये लवकर, दमले गं बाई मी!" आमच्या घरात आजही काहीही शिकवायचं तर माणूस असंच समोर जाऊन उलटं चालतं. माझा काका पोराला पाऊल टाकायला शिकवताना असाच उलटा जाऊन पाण्याच्या टबात बसला होता.

सायकल शिकायची राहिली फक्त आजी. ती सून म्हणून आली तेव्हा पणजीने तिला शब्द दिला होता. मग दुकान, मुलं, दुखणीखुपणी. रोजचं 'उद्या नक्की' चालू राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "सासूबाईंनी जगाला शिकवलं, मलाच तेवढं नाही," हे आजी हसत हसत सांगायची, पण दर वेळी सांगायची.

म्हणून ती एकदाची सीटवर चढली तेव्हा मी तिच्यासमोर उलटी पळत होते.

"आजी, चाकाकडे बघू नकोस!"

"मी नाही गं बघत, तेच माझ्याकडे बघतंय!"

दोनदा ती कलंडली. तिसऱ्यांदा तिने सायकल भिंतीला टेकवली आणि चष्मा काढून पुसत बसली. "जाऊ दे. देऊन टाका त्यांना. राहिलं ते राहिलं."

मला फार वाईट वाटलं.

बाबा दारातून सगळं बघत होते. ते पाना घेऊन बाहेर आले. "एवढी उंच सीट? मेकॅनिक म्हणवतेस ना स्वतःला?" असं मलाच झापून त्यांनी आजीचे पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घेतली. "आई, बस. आणि तू सरक बाजूला."

मग आमचे पोट सुटलेले, टक्कल पडलेले बाबा आजीच्या समोर उभे राहिले आणि उलटे पळू लागले. "माझ्याकडे बघ! ये लवकर, दमले गं बाई मी!" अगदी पणजीच्या सुरात!

आजीला असं काही हसू फुटलं की हसता हसता ती चाकाला विसरलीच. सायकल डुगडुगली, सरळ झाली आणि निघाली. बाबा टायरच्या ढिगात धपकन बसले. आजी त्यांच्या शेजारून फाटकाबाहेर गेली.

"आई, ब्रेक!"

"तो कुठं शिकवलास?" लांबून आवाज आला आणि मागोमाग घंटी.

काळजी नव्हती. गल्ली रिकामी होती आणि वळसा घालून पुन्हा दुकानाशीच येत होती. ते गृहस्थ मात्र नेमके तेव्हाच आले.

"सायकल बघायला आलो होतो."

"फिरायला गेलीय," बाबा टायरमधूनच म्हणाले.

"कधी येईल?"

"ब्रेक सापडला की येईल. पण माफ करा हं, आता ती द्यायची नाही. चालवणारी आहे घरात."

मग ते उठले, आत जाऊन स्टुलावर चढले आणि भिंतीतला तो मोठा हूक हातोडीने उपसून काढला. माझे डोळे भरून आले, हसूही येत होतं.

कोपऱ्यावर पुन्हा घंटी वाजली. "बाजूला व्हा रे!" आजी ओरडत होती. बाबा हूक हातात घेऊन धावत बाहेर आले आणि आम्ही तिघंही, ते गृहस्थसुद्धा, भिंतीला चिकटून उभे राहिलो.