मिस्त्रींची बिनआवाजाची पवनचक्की

मी एक जुनी पवनचक्की आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आता मला पाहून कुणी ओळखत नाही. मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपाशेजारी मी आडवी पडले आहे. माझं एक पातं तुटलंय, दुसऱ्यावर फडकी वाळत असतात आणि शेपटीचा पत्रा गंजून गेला आहे. मित्रांनो, तरीही एके काळी या घरातला दिवा माझ्यामुळे लागत होता.

मला मिस्त्रींनी घडवलं. कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवून ते निवृत्त झाले, तेव्हा कारखान्याने त्यांना एक घड्याळ दिलं आणि त्यांचे कान ठेवून घेतले. कानाशी ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू येत नसे. हात मात्र शाबूत होते. "माझ्या हातचं यंत्र कधी कुरकुरलं नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. मिस्त्रीणबाई घरी शिवणकाम करत. दुपार कलली की वीज जायची, आणि खोलीतल्या अंधारात सुईत दोरा ओवता ओवता त्या रडकुंडीला यायच्या. मिस्त्रींना ते पाहवेना.

माझी मोटर एका मोडक्या ट्रेडमिलमधली आहे. त्यावर माणसं घाम गाळत धावतात आणि कुठेच पोचत नाहीत, त्यामुळे निरर्थक फिरण्याचा मला जन्मापासून अनुभव होता. पाती सांडपाण्याचा प्लास्टिकचा पाइप उभा चिरून काढली. तिन्हींचं वजन सारखं भरावं म्हणून मिस्त्रींनी स्वयंपाकघरातला तराजू पळवला आणि चार दिवस परत दिला नाही. जड भरेल ते पातं कानशीने घासायचं, पुन्हा तोलायचं. "झाला का माझ्या सवतीचा साजशृंगार?" मिस्त्रीणबाई विचारायच्या. त्या मला सवतच म्हणत.

मला गच्चीवरच्या खांबावर चढवून वायर बॅटरीला जोडली आणि मी गरगर फिरू लागले. मिस्त्री टाळ्या पिटत नाचले. तेव्हा मिस्त्रीणबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या, "अहो, झाडाचं पानसुद्धा हलत नाहीये!" खरंच, वारा नव्हताच. मी वीज देत नव्हते, उलट बॅटरीतली वीज खाऊन पंख्यासारखी फिरत होते. वीज माघारी येऊ न देणारा डायोड लावायचाच मिस्त्री विसरले होते. एवढ्या मोठ्या कारागिराची अशी फजिती! दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या घरात मी तेवढं हसणं पुन्हा ऐकलं नाही.

डायोड बसला आणि नंतरची दोन वर्षं माझी सुखाची गेली. शिलाई मशीनवर एक दिवा, ओट्यावर एक दिवा आणि वारा चांगला असला तर एक छोटा पंखा, एवढं मी सहज भागवत असे. गल्लीत सगळीकडे काळोख आणि आमची खिडकी तेवढी उजळलेली. लोक मान वर करून माझ्याकडे बघत. शेजारचा वेल्डर तर मिस्त्रींच्या पाया पडायचा बाकी होता. माझ्या डोक्यात हवा गेली होती, हे कबूल करते.

मग एकदा मला ग्रीस लावून उतरताना मिस्त्रींचा शिडीवरून पाय घसरला. पंधरा दिवस ते अंथरुणाला खिळून होते. मिस्त्रीणबाईंनी शिडीला कुलूप लावलं. बरीच वादावादी झाली, कारण परक्या हाताने मला शिवलेलं मिस्त्रींना चालणार नव्हतं. शेवटी ठरलं की मी आवाज केला तरच मिस्त्रींनी वर चढायचं. आणि तो आवाज ऐकायचा कुणी, तर मिस्त्रीणबाईंनी.

त्यानंतरच्या सात-आठ महिन्यांत माझं बेअरिंग कोरडं पडलं. आधी मी कुरकुरले, मग कण्हू लागले, मग वारा सुटला की चक्क किंचाळू लागले.

मिस्त्री रोज चहाच्या वेळी विचारायचे, "काय गं, आवाज करतेय का?"

"नाही हो," मिस्त्रीणबाई त्यांच्या कानाशी म्हणायच्या. "मुकी आहे अगदी!"

मिस्त्री खूश व्हायचे. एकदा त्यांनी खांबाला तळवा लावला आणि ते थबकले. "थरथरतेय गं ही."

"वारा आहे म्हणून."

वेल्डरने भिंतीपलीकडून सांगून पाहिलं. "वहिनी, रडतेय ती. मिस्त्रींना सांगा की."

"सांगितलंय, भावजी," मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि घाईने आत गेल्या.

मला त्यांचा भयंकर राग यायचा. वाटायचं, सवत म्हणता म्हणता खरंच सवतीसारखी वागतेय ही बाई. पण गच्चीवर कपडे वाळत घालायला आल्या की त्या माझ्याकडे बघून हलकेच म्हणत, "सोस गं थोडं. तो माणूस पुन्हा पडला तर मी काय करू?" मी दीड वर्ष सोसलं.

एके दुपारी सोसाट्याचा वारा आला आणि माझं बेअरिंग जाम झालं. तो हिसका पात्यांना झेपला नाही. एक पातं मुळातून तुटून खाली अंगणात पडलं. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. वेल्डरने मला खाली उतरवलं. मिस्त्रींनी मोटर उघडली, बेअरिंगचा तांबडा चुरा हातावर घेतला आणि बोटाने चोळून पाहिला.

"असं बेअरिंग ओरडल्याशिवाय जात नाही," ते म्हणाले. "तुला खरंच काही ऐकू आलं नाही?"

खरं सांगायला तेवढा एक क्षण होता, मित्रांनो. मिस्त्रीणबाईंनी मान हलवली. नाही.

"मग माझंच चुकलं असणार. शाफ्ट वाकडा बसवला मी. हात गेला माझा." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. मला दुरुस्त करायला दोन दिवस पुरले असते. पण त्यांनी हत्यारं पुसली आणि सगळीच्या सगळी वेल्डरला देऊन टाकली. मग ते नुसते पायरीवर बसू लागले. घरातला नळ गळायला लागला तरी म्हणायचे, "कुणाला तरी बोलवा. मला जमायचं नाही." थोडंफार ऐकू येत होतं, तेही त्याच वर्षी बंद झालं.

एकदा भर दुपारी मिस्त्रीणबाई माझ्यावरची फडकी काढत होत्या. हातातलं फडकं टाकून त्या तरातरा पायरीपाशी गेल्या आणि ओरडल्या, "अहो, ती रडत होती! दीड वर्ष रडत होती! मीच खोटं बोलले! तुमचं काही चुकलं नव्हतं हो!"

भिंतीपलीकडे वेल्डरचं काम थांबलं. मिस्त्रींनी कानामागे हात धरला, त्यांच्या ओठांकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "पाणी? बैस तू, मी आणतो."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तांब्याभर पाणी घेऊन आले. मिस्त्रीणबाईंनी ते पिऊन टाकलं. त्यांनी लिहून का दिलं नाही, असं तुम्ही विचाराल. मलाही ते कळत नाही. एवढं धैर्य माणसाला दोनदा होत नसावं.

मित्रांनो, यंत्रांना वेळेवर तेलपाणी करा, हे तर मी सांगणारच. पण एवढ्यावर भागत नाही. कुणाला जपायचं म्हणून तुम्ही त्याच्यापासून काही लपवाल. लपवू नका असं मी म्हणत नाही, कारण ती बाई मला रोज दिसते. फक्त ते सांगायला फार उशीर करू नका. ऐकणारे कान आहेत तोवर सांगून टाका.