शेंदूर लावलेला मणका

मित्रांनो, मी एक जुना मणका आहे. इतका जुना, की मी पाठीत होतो तेव्हा माणूस नावाचा प्राणी जन्मायचाच होता. माझ्या धन्याला शहाणे लोक इक्थिओसॉरस म्हणतात. सुसरीसारख्या लांब तोंडाचा तो प्राणी समुद्रात पोहायचा. तो मेला, चिखलात रुतला आणि मी दगड झालो. पाणी मात्र मी विसरलो नाही.

विलायतेतल्या एका कड्यातून मला एका साहेबाने काढले आणि सोलापूरच्या एका शाळेला भेट दिले. तिथे यज्ञेश्वर मास्तर मला मुलांच्या हातांतून फिरवत. काय कौतुक होते माझे! पण मास्तर निवृत्त झाले आणि कपाट आवरताना कुणीतरी मला मागच्या उकिरड्यावर टाकले.

तिथून मला सांगोल्याकडच्या गोजाबाईने उचलले. ती नवऱ्याबरोबर मेंढरे घेऊन चालली होती. गोल, दोन्हीकडून खोलगट दगड पाहून ती हरखली. "ह्यो तर द्येवच हाय की!" घरी नेऊन तिने मला शेंदूर लावला. खरे सांगतो, उकिरड्यापेक्षा ते बरे वाटले.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, मेंढरे एकेक करून गेली. उरले एक कोकरू, गोजाबाईने पोटच्या पोरासारखे जपलेले. पाऊस पडावा म्हणून देव पाण्यात घालून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. तिने प्यायला चार घोट बाजूला ठेवले, बाकीचे पाणी मडक्यात ओतले आणि मला त्यात बुडवले.

किती युगांनी मला पाणी भेटले! आणि कोकरू मडक्याशी येऊन ओरडत होते.

"अगं, त्येला पाज की ह्यातलं," तिचा नवरा धुळाप्पा म्हणाला.

"न्हाय. द्येवाच्या पान्याला हात लावायचा न्हाय. पाऊस यील."

आपल्या वाटणीचा घोट तिने कोकराला पाजला. तेवढ्याने काय होणार? ते पुन्हा मडक्याकडे धावे, ती त्याला मागे ओढी आणि स्वतःच रडे. बाई, मी देव नाही, मला काढ आणि हे पाणी त्याला दे, असे माझ्या मनात किती आले! पण दगडाला वाचा कुठली?

सकाळी कोकरू मडक्याला टेकून पडले होते. गोजाबाईने त्याच्या अंगावर हात ठेवला, तो तसाच राहिला. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मला हलके वाटले असते. पण तिने हात जोडले. "माजीच सेवा कमी पडली, द्येवा," म्हणाली, आणि तांब्याच्या तळाचे थेंबही माझ्यावर ओतले.

मित्रांनो, मला जपा, फेकू नका, एवढे मी तुमच्याकडे मागणार होतो. आता तेही मागत नाही. दारात कुणी तहानलेले आले, तर आधी त्याला पाणी द्या. मला पाण्यावाचून राहायची सवय आहे.