वीटभट्टीच्या संघातला दहावा

"व्हेरोना, तुझा फोटो मागाहून बनवलेला दिसतोय," असं म्हणून वेंडेल क्रेगीनं फोटोतल्या माझ्या बापाला टेबलावर पालथं घातलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा वेंडेल आमच्या क्लबाचा अध्यक्ष, शाळेत माझ्याच वर्गातला. जुन्या वीटभट्टीच्या बेसबॉल संघाच्या आठवणीचा दगड मैदानावर बसवायचा, त्यावर खेळाडूंची नावं कोरायची, असं यांचं ठरलं. नावं घेतली क्लबाच्या भिंतीवरच्या फोटोवरून. त्यात नऊ जण. माझ्याकडच्या फोटोत दहा! दहावा, डावीकडच्या टोकाला, माझा बाप पावेल झेमको. संघाचा पिचर, चेंडू टाकणारा, वयानं सगळ्यात लहान. पुढे भट्टीतल्या संपात पुढारीपण केलं म्हणून मालकानं त्याला हाकललं, आणि गावानंही त्याचं नाव घेणं सोडलं.

"कशावरून बनवलेला?"

"अगं, भिंतीवरचा बघ कसा तपकिरी पडलाय. तुझा नुसताच करडा. जुना फोटो असा असतो होय?"

"फडकं कॉफीत बुडवलं तरी तपकिरी होतं. म्हणून काय ते आजीच्या वेळचं झालं?"

खजिनदार डोरीन शेजारी बसली होती, ती फिस्सकन हसली.

मी भिंतीवरची फ्रेम खाली काढायला लावली आणि पर्समधलं भिंग वेंडेलच्या हातात कोंबलं. "आता बघ. काय दिसतं?"

"ठिपके," तो भिंग मागेपुढे करत म्हणाला. "सगळीकडे ठिपकेच."

"छापखान्याचे आहेत ते. संपानंतर मालकानं कॅलेंडर काढलं, त्यातलं हे पान. शाईच तपकिरी होती. आता माझा बघ. आहे एक तरी ठिपका? आणि खिडकीकडे तिरका धर. काळ्या टोप्यांवर चांदीसारखी झाक येते ना? ती वर्षं गेल्यावर आपोआप चढते, बाबा."

त्यानं फोटो तिरका धरला, सरळ धरला, पुन्हा तिरका धरला. मग म्हणतो काय, "असेल तुझा जुना. पण दगड कोरून झालाय गं. आणि लोकांना या नऊ जणांचीच सवय आहे."

सवय म्हणे! माझ्या बापाची बोटं मोडली यांच्या संघासाठी चेंडू टाकून टाकून, आणि यांना सवय नाही!

मी भिंग भिंतीवरच्या फोटोच्या डाव्या कडेला ठेवलं. "हा कोण?"

"एल्मर क्रेगी. माझे आजोबा."

"त्यांच्या खांद्यावर काय आहे?"

वेंडेल वाकला. चार बोटं होती. मालकानं माणूस कापला, पण बोटं तेवढी राहून गेली.

"इतकी वर्षं माझ्या बापाचा हात तुमच्या भिंतीवर आहे, वेंडेल. तो कोणाचा म्हणून एकदा तरी विचारलंस?"

"विचारलं होतं," तो भिंगावरून डोळा न काढता म्हणाला. "लहानपणी. आजोबा म्हणाले, कोणाचा नाही."

डोरीननं मान फिरवली. मी माझा फोटो त्याच्यापुढे सरकवला. त्यात माझा बाप एल्मर क्रेगीच्या खांद्यावर हात टाकून हसत होता, आणि एल्मर क्रेगीही.