सातपट की दहापट

दुर्बीण हातभर लांब धरली की मागच्या भिंगात उजेडाचा एक गोल ठिपका दिसतो. नेवेनाने त्याला पट्टी लावली. पहिल्या, दहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीचा ठिपका चार मिलिमीटरहून किंचित मोठा, दुसऱ्या सातपटवालीचा बरोबर सहा. तिने दोन्ही आकडे वहीत लिहिले, सहाखाली रेघ ओढली आणि लगेच ती खोडून टाकली.

दोन्ही एका डोळ्याने बघायच्या, मुठीत मावणाऱ्या दुर्बिणी. दुकानदार स्पासने शनिवार संध्याकाळपर्यंत वापरून बघायला दिलेल्या. आज शनिवार होता.

"टोपीत चिठ्ठ्या टाकू या का?" होडीच्या सुकाणूवरून कुझमान म्हणाला. त्याच्या दुसऱ्या हातात चीज भरलेली बानित्सा होती.

"ती तुपकट बोटं भिंगापासून लांब ठेव, म्हणजे झालं."

तीस वर्षं मिठागराच्या प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची घनता मोजून नेवेना जूनमध्ये निवृत्त झाली होती. आता ती बांधावरच्या टपरीत बसून दक्षिणेला जाणारे पेलिकन मोजायची. तिथे खिडकीवर कोपर टेकून बसायला दहापटवाली नामी. पक्ष्याच्या पायातली कडीसुद्धा दिसते. सातपटवाली होडीवरची, तिच्यात चित्राच्या खाली होकायंत्राचे आकडेही दिसतात. कुठली घ्यायची यावरून नेवेनाचा पुढचा उन्हाळा कुठे जाणार ते ठरणार होतं.

कारण कुझमान दोन वर्षं एकच विचारत होता: माझ्याबरोबर होडीवर राहायला येतेस? मे महिन्यात निघू, बॉस्फरसमधून पार ग्रीक बेटांपर्यंत. सुकाणू सांभाळून पुढच्या पाण्यावरही नजर ठेवणं आता त्याला एकट्याला जमत नव्हतं. ती येणार नसेल तर होडी विकायची. गिऱ्हाईक सोमवारी यायचं होतं.

इथे होकाराला मान आडवी हलवायची, नकाराला वर झटकायची, एवढं बुर्गासमधलं शेंबडं पोरही जाणतं. नेवेनाची मान मात्र दर वेळी मध्येच कुठेतरी अडायची. प्रयोगशाळेत तिचा तराजू दगडी ओट्यावर असे, काटा हलू नये म्हणून. होडीवर काय स्थिर राहणार?

"मानेवर माझा भरवसाच नाही," कुझमान म्हणायचा. वीस वर्षं त्याने परदेशी जहाजांवर काढली होती. "हॅम्बुर्गला बाईने कॉफी हवी का विचारलं. मी हो म्हणून मान हलवली, तर तिने कपच उचलून नेला! तेव्हापासून तोंडाने सांगशील तेच खरं."

आज खाडीत वारा होता. नेवेनाने आधी दहापटवाली डोळ्याला लावली.

"काय दिसतंय?"

"बेटावरचं दीपगृह. नाचतंय."

"पण दहापट मोठं ना!"

"दहापट हलतंय. नीट दिसायच्या आधीच पळून जातंय."

"त्या बिचाऱ्या दीपगृहाला दोष देऊ नकोस."

"त्याला नाही, तुझ्या सुकाणूला देतेय."

मग तिने सातपटवाली लावली. दीपगृह लहान झालं, पण जागेवर आलं. होडी डोलत होती, तरी डोळा त्या सहा मिलिमीटरच्या उजेडातून बाहेर पडत नव्हता. कठड्याचे गज मोजता येत होते. आणि तेवढ्यात बेटामागून पेलिकन वर आले, पांढरे, पंखांना काळी किनार.

"एक, दोन, तीन..."

"मग? सोमवारच्या माणसाला काय सांगू?" कुझमानने विचारलं.

सोळाव्या पक्ष्यावर नेवेनाची मान हलली. सगळे पेलिकन चित्राबाहेर घसरले. तिने घाईघाईने त्यांना परत गाठलं.

"आत्ता मान हलवलीस का?"

"गप. मोजतेय."

"आडवी की वर? अगं, मी पुढे बघत होतो!"

"पुढे बघत होतास, तर तो लाल बोया दिसला का? एकशे चौदा अंशांवर."

कुझमानने डोळे बारीक केले. त्याला बोया दिसला नव्हता. त्याने सुकाणू वळवलं.

"सव्वीस," नेवेना म्हणाली. थवा दक्षिणेला वळला होता. तिने दुर्बीण खाली केली नाही, आणि मानही अजिबात हलू दिली नाही. "दहापटवाली संध्याकाळी स्पासला परत द्यायची. आणि सोमवारच्या माणसाला सांग, होडी विकायची नाही. मी येतेय."